फुलपात्रभर पाणी

वाटेत कुणा अनोळखी माणसाने दिलेलं पाणी प्यायलात तर तुमचा विक्रम बाद, असा एक नियम आहे. लांब पल्ल्याच्या पायवाटा आणि डोंगररांगा कमीत कमी वेळात पार करणाऱ्यांच्या नोंदी ठेवायची पद्धत गेल्या काही वर्षांत जगभर रुजली. तिथे शर्यत नसते, शिट्टी नसते, पदक नसतं. आपल्याला वाटेल त्या दिवशी निघायचं, पोचल्यावर घड्याळातली नोंद पाठवायची. ती तपासली जाते आणि यादीत नाव लागतं. या नोंदींचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात सोबत माणसं, गाडी, काय हवं ते घ्या. दुसऱ्यात आधी ठरवून कुणाची मदत घ्यायची नाही, पण वाटेत दुकान लागलं तर बिस्किटाचा पुडा घ्यायला हरकत नाही, कारण दुकान सगळ्यांनाच उघडं असतं. तिसरा प्रकार कडक, ‘अनसपोर्टेड’. निघाल्यापासून पोचेपर्यंत जे लागेल ते स्वतःच्या पाठीवर. ओढ्याचं पाणी चालतं, माणसाच्या हातचं चालत नाही.

नियम करणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. एकाच्या दिमतीला चार मित्र आणि पाय चेपणारा, दुसऱ्याकडे नुसती पाठपिशवी, अशा दोघांची वेळ एकाच रकान्यात मांडणं अन्यायाचंच. तरी ओढा आणि माणूस यांच्यात केलेला हा भेद माझ्या मनातून जात नाही. ओढ्याकडून घेताना काही द्यावं लागत नाही, ओशाळं व्हावं लागत नाही, ‘कुठून आलात’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही. माणसाकडून घेताना हे सगळं येतं. कडक कशाला म्हणायचं, हाच मग प्रश्न पडतो.

मदतीने बाद झालेला सगळ्यात प्रसिद्ध धावपटू म्हणजे दोरांदो पिएत्री. २४ जुलै १९०८, लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन. इटलीतल्या कार्पी गावचा हा मिठाईवाला स्टेडियममध्ये सर्वांत आधी शिरला, पण उन्हाने आणि थकव्याने त्याचं भान इतकं हरपलं होतं की तो उलट्या दिशेला वळला. मग पडला. पंचांनी उठवलं. पुन्हा पडला, पुन्हा उठवलं. असं करत करत २ तास ५४ मिनिटं ४६ सेकंदांनी त्याने रेषा ओलांडली. अर्ध्या मिनिटाने अमेरिकेचा जॉनी हेझ आला, अमेरिकनांनी तक्रार केली आणि मदत मिळाल्याबद्दल पिएत्री बाद ठरला. नियमाप्रमाणे योग्यच झालं. पण त्याने मदत मागितली कुठे होती? माणूस डोळ्यांदेखत कोसळत असताना हात पाठीमागे बांधून उभं राहणं त्या पंचांना जमलं नाही, आणि त्याची शिक्षा कोसळणाऱ्याला झाली. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला. शेरलॉक होम्सच्या जनकाने, आर्थर कॉनन डॉइलने, त्याच्यासाठी वर्गणीची हाक दिली. हेझचं नाव आज मॅरेथॉनवेड्यांनाही आठवून सांगावं लागतं, आणि हाही अन्यायच आहे, कारण तो बिचारा कुणाचा हात न धरता आला होता.

माझं धावणं असल्या यादीत बसणारं नाही. रविवारी अंधार असताना निघायचं, वीस-पंचवीस किलोमीटर एकटीने धावायचं, परत येऊन पोहे खायचे. सासवडहून नारायणपूरच्या रस्त्याला पुरंदर समोर ठेवून धावायला मला फार आवडतं. त्या रस्त्यावर अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा आहेत, दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या आहेत, आणि सकाळी सातच्या पुढे डोक्यावर येणारं ऊन आहे.

धावून झालं की मोबाइलवरचं ॲप दोन वेळा दाखवतं. एक, पाय प्रत्यक्ष हलत होते तेवढी. दुसरी, सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सगळी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून कायम जुंपलेली असते. रस्त्यात थांबलं की घड्याळ थांबवायचं की नाही? थांबवणारे म्हणतात, सिग्नलला उभे होतो त्याचा दंड आम्ही का भरायचा? न थांबवणारे म्हणतात, शर्यतीत कुणी घड्याळ थांबवतं का? दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणून हा वाद कधी मिटणार नाही. मला त्या दोन आकड्यांमधला फरक वाचायला आवडतो. पाय हलले दोन तास चाळीस मिनिटं, एकूण लागले तीन तास पाच. मधली पंचवीस मिनिटं कुठे गेली? थोडी बुटाच्या नाडीत, थोडी पोटरीत गोळा आला त्यात, थोडी भुंकणाऱ्या कुत्र्यापुढे पुतळा होऊन उभं राहण्यात. उरलेली सगळी माणसांत.

एका वस्तीवर एक आजी अंगणात शेणसडा करत होत्या. मला बघून हातातली बादली खाली ठेवली.

“कोन पाठी लागलंय का गं पोरी?”

“नाही आजी, अशीच धावतेय.”

“शर्यत हाय?”

“नाही.”

“मंग?”

या ‘मंग’ला उत्तर नसतं. तब्येतीसाठी, असं म्हटलं तर त्या आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात, आणि तब्येतीला आणखी काय व्हायचंय असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. आवडतं म्हणून, असं म्हटलं तर पहाटेपासून राबणाऱ्या बाईसमोर ते उत्तर आपलं आपल्यालाच फिकं वाटतं. आजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. आत जाऊन तांब्या-फुलपात्र घेऊन आल्या आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला. उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, आधी गूळ, ही आपल्याकडची जुनी रीत. विसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतली साखर कमी होत आलेली असते. बाजारात त्यासाठी सव्वाशे रुपयांची चिकट पुडी मिळते. माझ्या कमरेच्या पट्ट्यात त्या दिवशी तशी पुडी होतीच. मी गूळ खाल्ला.

हे ‘खाल्ला’ म्हणणं सोपं नाही. आपण मध्यमवर्गीय माणसं ‘नको’ म्हणण्यात तयार असतो. आत्ताच झाला चहा. आहे माझ्याकडे पाणी. कशाला उगीच तुम्हाला त्रास. द्यायचं कसं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं: दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, पहिला घास बाजूला काढावा. घ्यायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. उलट कुणाचं घेऊ नये, मिंधं होऊ नये, हेच बजावलेलं असतं. त्यामुळे घ्यायची वेळ आली की आपण अवघडतो, ताबडतोब परतफेडीचा विचार करतो, नाहीतर खिशातून वीसची नोट काढून समोरच्याचा पुरता अपमान करून टाकतो. लांब धावणाऱ्याचा हा ताठा मात्र हळूहळू उतरतो. पंधराव्या किलोमीटरला ‘नको’ म्हणता येतं. तिसाव्याला आपोआप हात पुढे होतो. शरीराने तोवर मनाला बाजूला सारलेलं असतं.

घेण्यालाही माप मात्र असतं. दयाळू माणूस आग्रह करतो, आणि आग्रहाने पाजलेलं नुसतं पाणी लांब धावणाऱ्याला बाधू शकतं. घामातून मीठ जात असतं. वर साधं पाणी गरजेपेक्षा जास्त ढोसलं की रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो आणि टोकाला माणूस दगावतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असं घसरलेलं आढळलं, आणि त्याचं एक मोठं कारण शर्यतीत भरमसाट पाणी पिणं हे होतं. म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मीठ लावलेलं कलिंगड, ताकाचा पेला, या आपल्या साध्या गोष्टी नुसत्या पाण्याहून हुशार आहेत. आजीला सोडियम ठाऊक नसेल. उन्हाचं ताक मात्र तिला ठाऊक असतं.

एकट्याने आणि घेत घेत किती लांब जाता येतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात थोर उदाहरण म्हणजे रोझी स्वेल पोप. २ ऑक्टोबर २००३ रोजी, आपल्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी, या ब्रिटिश बाई वेल्समधल्या टेन्बी गावातून धावत निघाल्या. नवरा क्लाइव्ह आदल्या वर्षी प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेला होता, आणि लोकांनी वेळीच तपासणी करून घ्यावी हे त्यांना जगाला सांगायचं होतं. त्या युरोप ओलांडून रशियात गेल्या, सायबेरिया पार केला, पुढे अलास्का, कॅनडा, अमेरिका, ग्रीनलंड, आइसलंड, आणि परत ब्रिटन. २५ ऑगस्ट २००८ ला त्या आपल्या गावात पोचल्या तेव्हा पायाच्या दुखण्यामुळे हातात कुबड्या होत्या. सुमारे ३२ हजार किलोमीटर झाले, बुटांचे ५३ जोड झिजले. मागे सपोर्टची गाडी नव्हती. सामान एका छोट्या गाड्यात भरायचं, तो गाडा पट्ट्याने अंगाला जोडून ओढायचा आणि रात्री तंबूत नाहीतर त्या गाड्यातच झोपायचं.

त्यांची गोष्ट सांगताना सगळे सायबेरियातला लांडगा सांगतात. रात्री त्याने तंबूत डोकं घातलं होतं. लांडगा चांगलाच आहे, वर्तमानपत्राला मथळा देतो. पण पाच वर्षं माणूस लांडग्यावर काढत नाही. पाच वर्षं चहावर, सुपावर, कुणी दुरुस्त करून दिलेल्या चाकावर, कुणाच्या घरातल्या एका रात्रीच्या उबेवर निघतात. साठीकडे झुकलेली बाई गाडा ओढत बर्फातून येताना दिसल्यावर लोक तिला आत बोलावणारच, असं आपण म्हणू. प्रश्न बोलावण्याचा नाही. दर वेळी आत जायचं, अनोळखी घराच्या टेबलाशी बसायचं, आपली करुण कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची, दिलेलं खायचं आणि सकाळी फेडता न येणारं ओझं घेऊन निघायचं. पाच वर्षं, रोज नवं दार. मला तरी बत्तीस हजार किलोमीटरपेक्षा हे अवघड वाटतं. नोंदींच्या त्या कडक तिसऱ्या प्रकारात या बाईंना जागा नाही, आणि त्यात नुकसान त्या यादीचं आहे.

आपल्याकडे याच्या नेमका उलटा नियम असलेली एक वाट आहे. नर्मदेची परिक्रमा धावत करत नाहीत, पायी करतात. पण एकटं असणं, लांब जाणं आणि अनोळखी माणसावर विसंबणं हे तिचे तिन्ही पाय आपल्या विषयाचेच. नदी १,३१२ किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही काठ मिळून अडीच हजारांच्या वर. परंपरेने मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात एका जागी मुक्काम. ‘नर्मदे हर’ म्हणत जायचं, सदावर्तात मिळेल तो शिधा घ्यायचा. पीठ, डाळ, मीठ. साठवायचं नाही. तिथे घेणं हा नियमभंग नाही, तोच नियम आहे. स्वतःच्या जिवावर परिक्रमा करून आलो म्हणणाऱ्याला काठावरची माणसं हसतील.

त्या वाटेवर शूलपाणीची झाडी लागते. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’मुळे हे नाव मराठी घरांत पोचलं. त्या जंगलात ‘मामा’ परिक्रमावासीला गाठतात आणि अंगावरच्या लंगोटीखेरीज सगळं काढून घेतात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. भाविक त्यातही देवीची परीक्षा बघतात. मला त्यातली व्यवहाराची बाजू दिसते: गाठीला चार पैसे, घोंगडी, सुका खाऊ असेपर्यंत माणूस पुढच्या गावात पाहुणा म्हणून जातो, अर्धवट मागतो, अर्धवट नाकारतो. सगळं गेल्यावर जो दारात उभा राहतो तो खराच उभा राहतो. आणि त्याच भागातली, भिल्ल-पावऱ्यांची घरं त्याच्या हातावर भाकरी ठेवतात. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली, नंदुरबार जिल्ह्यातली, ३३ गावं बाधित झाली. वाटसरूला शिधा देणाऱ्या काठाची स्वतःची चूल पाण्याखाली गेली, ही गोष्ट परिक्रमेच्या भारावलेल्या वर्णनांत सहसा येत नाही. यायला हवी.

इथवर अनोळखी माणूस बहुतेक चांगलाच निघाला. तो तसाच निघतो का? बाईमाणूस एकटी धावते तेव्हा एका कानात इयरफोन घालत नाही, घरच्यांना लोकेशन पाठवून ठेवते, मागून येणाऱ्या दुचाकीचा आवाज हळू झाला की तिच्या छातीतले ठोके धावण्याशिवायच वाढतात. असं झालं की मी वेग वाढवत नाही. जवळचा पार शोधते. पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात दुचाकीला आपलं काम आठवतं. अनोळखी माणसापासून वाचायला अनोळखी माणसांकडेच जायचं, हा हिशोब विचित्र आहे खरा, पण रस्त्यावर तोच चालतो.

शिवाय दया आंधळी नसते. ती आधी बघून घेते. जेमी मॅक्डोनल्ड हा इंग्लंडचा तरुण २०१३ मध्ये कॅनडा आडवा धावत निघाला, सोबत कुणी नाही, सामान लहान मुलांच्या ढकलगाडीत. वाटेत त्याने ‘फ्लॅश’ या सुपरहीरोचा लाल पोशाख चढवला. लाल कपड्यातला, ढकलगाडी लोटणारा धावपटू हे काय प्रकरण आहे म्हणून गाड्या थांबायच्या, आणि थांबलेला माणूस मग विचारपूस करतो, घरी नेतो, जेवू घालतो. त्याच्या आधी, १९८० मध्ये, टेरी फॉक्स त्याच देशात एका कृत्रिम पायावर रोज मॅरेथॉनएवढं अंतर तोडत होता, कर्करोगाच्या संशोधनाला पैसे जमवत. न्यूफाउंडलंडमधल्या पोर्ट ओ बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने त्याला दहा हजार डॉलर दिले, डोई एक. क्वेबेकमध्ये मात्र निधी जवळजवळ आलाच नाही. त्याला आणि त्याच्या मित्राला फ्रेंच येत नव्हतं, आणि तो कोण, कशासाठी पाय घासतोय, हे लोकांपर्यंत पोचलं नव्हतं. मागून गाड्या भोंगे वाजवायच्या. मुलगा तोच, पाय तोच.

आणि ओळख चुकीची पटली तर? २३ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अहमॉड आर्बेरी हा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण घराजवळच्या एका वस्तीतून धावत होता. तिघा गोऱ्यांनी गाड्यांनी त्याचा पाठलाग केला आणि एकाने त्याला गोळ्या घातल्या. त्यांना तो चोर वाटला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तिघेही दोषी ठरले. धावणाऱ्या गोऱ्या माणसाकडे बघून कुणाला चोर आठवत नाही, तशी माझ्याकडे बघूनही आठवत नाही. माझ्या पायात महागडे बूट असतात, मनगटावर घड्याळ असतं, बोलणं शहरातलं असतं. गूळ मला मिळतो त्यात आजींचा चांगुलपणा आहेच. माझ्या बुटांचाही थोडा वाटा असणार.

कारण त्याच वर्षी, महिनाभरात, आपल्याच महामार्गांवरून लाखो माणसं पायी निघाली. त्यांनी विक्रमाला हात घातलेला नव्हता. करोनाच्या टाळेबंदीने काम बंद पाडलं, खोलीचं भाडं थकलं, गाड्या बंद, म्हणून ती मुंबई, पुणे, नाशिकहून उत्तरेकडे चालत सुटली. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, पायात स्लिपर. कुठे गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला खिचडीची पातेली लावली, पाण्याचे टँकर उभे केले, चपला वाटल्या. कुठे वेशीवर काटेरी फांद्या टाकून गावबंदी केली. हे दोन्ही आपणच केलं, कधीकधी एकाच तालुक्यात. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याहून निघाले होते, भुसावळला पोचलो तर मध्य प्रदेशात जाणारी गाडी मिळेल या आशेने. दमले, टेकले, झोप लागली. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या होत्या, म्हणजे शिदोरी त्यांनी बरोबर बांधून घेतली होती, शेवटापर्यंत स्वतःच्या पाठीवर. त्या कडक नियमाच्या भाषेत सांगायचं, तर यांचा प्रवास तंतोतंत ‘अनसपोर्टेड’ होता. हौसेने घातलेला नियम आणि गळ्यात पडलेली अवस्था दिसायला इतकी सारखी असू शकते, याने मला धावण्याच्या पुष्कळ थोर गोष्टींवरून खाली आणलं.

म्हणून जे आम्ही हौसेने, पोट भरलेलं असताना, घरी पोहे वाट बघत असताना धावतो, त्या आम्ही रस्त्यावर मिळालेल्या पाण्याचा हिशोब रस्त्यावरच चुकता करायला हवा. आजींना पैसे देऊन तो चुकत नाही. त्यांना तर तो चुकवून घ्यायचाच नसतो. तो चुकतो रस्त्यावर भेटणाऱ्या पुढच्या माणसापाशी.

आणि तुम्ही गाडीत असाल तर तुमच्याकडे थोडं मागणं आहे. अपघात दिसला तर थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं आहे. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. ‘नसती झंझट’ ही सबब आता कायद्याने काढून घेतलेली आहे. पण त्यासाठी अपघात व्हायलाच हवा असंही नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने कुणी धावताना, चालताना दिसलं तर डिपर द्या, हात-दीड हात जागा सोडा, मागून भोंगा वाजवू नका. विचारायचं असेल तर गाडी पुढे नेऊन थांबवा आणि समोरून विचारा. बाई असेल तर मागून हळू होत येणारी गाडी तिला कशी वाटते, हे वर सांगितलंच आहे. ती ‘नको’ म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका, पुढे जा. धावणाऱ्याच्याही आधी डोक्यावर बोचकं घेतलेल्याला विचारा, कारण त्याच्या कमरेला पट्टा नसतो आणि त्यात पुडीही नसते. गाडीत एखादी बाटली आणि चिमूटभर मीठ-साखर ठेवा. पाणी साधंच असू द्या, फ्रिजमधलं नको.